नशीब वजा करून काढलेले एनएफएल २०२५ चे अंदाज

४ सप्टेंबर २०२५ ला, गुरुवारी रात्री फिलाडेल्फियात ईगल्स आणि काउबॉइज भिडतील आणि एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या ३२ टीम्सच्या लीगचा, २०२५ चा सीझन सुरू होईल, त्यामुळे जे काय छातीठोक बोलायचंय ते आत्ताच बोलून घेते, कारण एकदा पहिला आठवडा संपला की प्रत्येकजण "मी तर आधीच म्हटलं होतं" वाला होतो आणि कोण कुठे म्हटलं होतं याचा पुरावा कुणाकडेच नसतो. माझा पुरावा हा इथे. मी न्यू जर्सीत राहते आणि जायंट्सची फॅन आहे, म्हणजे गेल्या वर्षी ३-१४, तीन विजय आणि चौदा हार. तेव्हा हिला फुटबॉलमधलं काय कळतंय हा प्रश्न रास्तच आहे, पण हरणाऱ्या टीमचा फॅन बाकीच्या ३१ टीम्स जरा जास्तच बारकाईने बघतो, डिसेंबरात आपल्या टीमकडे बघण्यासारखं काही उरलेलंच नसतं ना.

सगळ्यात आधी ऑगस्टमधल्या प्रीसीझन मॅचेस डोक्यातून काढून टाका. २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्सनी प्रीसीझनच्या चारही मॅचेस जिंकल्या आणि मग खऱ्या सीझनमध्ये ०-१६. २०१७ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सनी हुबेहूब तेच केलं, आधी ४-० आणि मग ०-१६. बॉल्टिमोर रेव्हन्स तर २०१५ पासून २०२३ पर्यंत सलग २४ प्रीसीझन मॅचेस जिंकत होते, त्या काळात सुपर बोल (लीगची फायनल) किती जिंकले? एकही नाही. या मॅचेस मुळात ९० जणांतून ५३ जण निवडण्यासाठी असतात, मोठे खेळाडू टोपी घालून साइडलाइनवर गप्पा मारत उभे असतात आणि मैदानात जीव तोडून पळत असतात ती पोरं ज्यांची पुढच्या मंगळवारी नोकरी जाणार असते. बघायला मजा येते, पण त्यावरून अंदाज बांधायचा नाही.

मग बांधायचा कशावरून? माझी पद्धत साधी आहे, गेल्या वर्षीचं टेबल घ्यायचं आणि त्यातून नशीब वजा करायचं. बहुतेक लोक टेबल जसंच्या तसं कॉपी करतात, वर दोन नवीन क्वार्टरबॅक (बॉल फेकून ऑफेन्स चालवणारे) शिंपडतात आणि त्याला प्रेडिक्शन म्हणतात.

उदाहरण म्हणून कॅन्सस सिटी चीफ्स घेऊ. गेल्या वर्षी १५-२. पण त्यातल्या ११ मॅचेस एका स्कोअरच्या आत, म्हणजे आठ किंवा कमी पॉइंट्सच्या फरकाने संपल्या आणि अकराच्या अकरा त्यांनीच जिंकल्या. कशा जिंकल्या ते आठवतंय ना? पहिल्याच मॅचमध्ये शेवटच्या प्लेला रेव्हन्सच्या आयझेया लाइकलीच्या बुटाचा अंगठा रेषेवर पडला म्हणून टचडाउन गेला. डेन्व्हर ब्रॉन्कोज शेवटच्या सेकंदाला सोप्या फील्ड गोलवर (तीन पॉइंट्सची किक) जिंकत होते, किक ब्लॉक झाली. रेडर्स शेवटच्या क्षणी फील्ड गोलच्या टप्प्यात होते, स्नॅपच (प्ले सुरू करताना मागे दिलेला बॉल) हातातून निसटला. चार्जर्सविरुद्ध चीफ्सची किक खांबाला थडकून आत गेली! त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स ग्रेट आहे, वादच नाही, पण खांबाला लागलेला बॉल आत पडायचा की बाहेर हे महोम्सच्या हातात नसतं, आणि मग सुपर बोलमध्ये ईगल्सनी एकही ब्लिट्झ (जादा माणसं अंगावर सोडणं) न पाठवता त्याला सहा वेळा सॅक केलं (बॉल फेकायच्या आत पाडलं), हाफटाइमला २४-०, शेवटी ४०-२२. पाहुणे येईपर्यंत पसारा पलंगाखाली ढकलावा तसं चाललं होतं, त्या रात्री पलंगच सरकला.

जवळच्या मॅचेस जिंकणं हे कौशल्य असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी २०२२ चे मिनेसोटा व्हायकिंग्स आठवावेत. तेसुद्धा एका स्कोअरच्या मॅचेसमध्ये ११-०, एकूण १३-४, आणि प्लेऑफमध्ये पहिल्याच मॅचला आमच्या जायंट्सकडून हरले (हो, आमचेही दिवस होते). पुढच्या वर्षी तेच कोच, बरेचसे तेच खेळाडू, आणि रेकॉर्ड ७-१०. म्हणून मी चीफ्सना यंदा ११-६ देतेय. वर रिसीव्हर रशी राइस पहिल्या सहा मॅचेस सस्पेंड, क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या लाइनमधला सगळ्यात भरवशाचा गार्ड जो थूनी शिकागोला देऊन टाकला, आणि डावीकडे जॉश सिमन्स नावाचा रूकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू), जो गेल्या ऑक्टोबरात कॉलेजात गुडघा फाडून बसला होता. ट्रॅव्हिस केल्सी ऑक्टोबरात ३६ चा होईल. त्याच्या साखरपुड्याची बातमी ऐन गणपतीत आली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर ज्यांनी जन्मात कधी फुटबॉल बघितला नाही त्या माम्यांनीसुद्धा टेलर स्विफ्टचे फोटो फॉरवर्ड केले, ते ठीक आहे, अभिनंदन, पण गेल्या वर्षी त्याचे ८२३ यार्ड होते, २०१६ ते २०२२ पर्यंत तो कधी हजाराच्या खाली आला नव्हता. २०१६ पासून सलग नऊ वर्षं एएफसी वेस्ट ही त्यांची चार टीम्सची डिव्हिजन चीफ्सनी जिंकलीय (लीगचे एएफसी आणि एनएफसी असे दोन भाग, प्रत्येकात चार डिव्हिजन), यंदा ती ब्रॉन्कोजची. डेन्व्हरने गेल्या वर्षी ६३ सॅक काढले, लीगमध्ये सगळ्यात जास्त, पॅट्रिक सर्टेन डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर, आणि त्यांचा डिफेन्स कुणाच्या खांबाला लागलेल्या किकवर अवलंबून नव्हता. चीफ्स प्लेऑफमध्ये येतील, पण मागच्या दाराने.

आता दुसरा नियम. १९९० पासून एकही वर्ष असं गेलेलं नाही की प्लेऑफमध्ये किमान चार नव्या टीम्स आल्या नाहीत, नव्या म्हणजे आदल्या वर्षी ज्या नव्हत्या त्या. गेल्या वर्षी सुद्धा बरोब्बर चार, कमांडर्स, व्हायकिंग्स, चार्जर्स आणि ब्रॉन्कोज. हे असं होतं कारण लीगची रचनाच तशी आहे, शेवटच्या टीमला ड्राफ्टमध्ये (कॉलेजातल्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला नंबर, सगळ्यांना पगाराची एकच मर्यादा (यंदा २७ कोटी ९२ लाख डॉलर, कितीही श्रीमंत मालक असला तरी तेवढीच), आणि १७ पैकी तीन मॅचेस अशा की गेल्या वर्षी तुम्ही डिव्हिजनमध्ये ज्या नंबरवर आलात त्याच नंबरवरच्या टीम्सशी. म्हणजे तुम्ही वर गेलात की लीग तुमचा पाय ओढते आणि खाली गेलात की हात देते. तेव्हा जो माणूस गेल्या वर्षीच्याच चौदा टीम्स परत लिहितो तो अंदाज बांधत नाहीये, आळस करतोय. चार काढायच्याच, प्रश्न कुठल्या.

माझ्या चार. वॉशिंग्टन कमांडर्स, मिनेसोटा व्हायकिंग्स, पिट्सबर्ग स्टीलर्स आणि लॉस एंजेलिस चार्जर्स.

कमांडर्सवर लोक चिडतील, कारण त्यांचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो, जायंट्सची फॅन असून. ४-१३ वरून १२-५ आणि थेट एनएफसीच्या फायनलपर्यंत, रूकी क्वार्टरबॅकने असं काही केलेलं मी तरी बघितलं नव्हतं. पण ती शिकागोविरुद्धची मॅच आठवा. वेळ संपलेली, शेवटचा उंच फेकलेला बॉल, बेअर्सचा टायरिक स्टीव्हन्सन प्लेच्या सुरुवातीला प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांना डिवचत उभा, मग धावत येऊन त्यानेच बॉलला हात लावला आणि तो उडून मागे मोकळ्या उभ्या नोआ ब्राउनच्या हातात. १८-१५. मी सोफ्यावरून ओरडले तो आवाज शेजाऱ्यांनी ऐकला असेल. याशिवाय सेंट्सवर एका पॉइंटने, ईगल्सवर तीनने, जायंट्सवर तीनने, फाल्कन्सवर ओव्हरटाइममध्ये, आणि प्लेऑफमध्ये टॅम्पाविरुद्ध शेवटची किक पुन्हा खांबाला लागून आत (हा खांब गेल्या वर्षीचा खरा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू). यातल्या तीन मॅचेस उलट्या गेल्या असत्या की तेच कमांडर्स ९-८. शिवाय दुसऱ्या वर्षी डिफेन्सेस क्वार्टरबॅकचा अभ्यास करून येतात. सी. जे. स्ट्राउड बघा, ह्यूस्टनमध्ये पहिल्या वर्षी २३ टचडाउन आणि फक्त ५ इंटरसेप्शन (विरोधकांच्या हातात गेलेले पास), दुसऱ्या वर्षी २० आणि १२. डॅनियल्स तेवढा घसरेल असं नाही, पण कमांडर्स ८-९ वर थांबतील असं मला वाटतं.

व्हायकिंग्स १४-३ होते, कार्डिनल्सला एका पॉइंटने, पॅकर्सला दोन्ही वेळा दोन-दोन पॉइंट्सनी हरवून. आणि हे सगळं केलं सॅम डार्नल्डने, ज्याला कुणी विचारत नव्हतं, जे. जे. मॅकार्थीचा गुडघा प्रीसीझनमध्ये गेला म्हणून त्याला संधी मिळाली, ३५ टचडाउन मारले, आणि मग जेव्हा खरंच मोजायची वेळ आली तेव्हा लायन्सविरुद्ध ९ पॉइंट्स, रॅम्सविरुद्ध ९ पॉइंट्स आणि त्या रात्री नऊ सॅक. आता तो सिअॅटलला गेलाय तीन वर्षांच्या करारावर आणि मिनेसोटाची गाडी मॅकार्थीच्या हातात, ज्याने एनएफएलमध्ये एकही खरी मॅच खेळलेली नाही. केव्हिन ओकॉनेल कोच म्हणून भारी आहे, क्वार्टरबॅककडून काम करून घेणं त्याला येतं, म्हणून ९-८. पण त्यांच्या एनएफसी नॉर्थ डिव्हिजनमध्ये ९-८ ने भागत नाही. डार्नल्डबद्दल विचाराल तर सिअॅटलच्या लाइनवर माझा विश्वास नाही, बघू.

स्टीलर्सचं मला हसूच येतं. ४१ वर्षांचा अॅरन रॉजर्स, डीके मेटकाफ, जेलन रॅमझी, सगळी मोठी नावं एका छताखाली, आणि पहिलीच मॅच कुठे तर इथे आमच्याकडे मेटलाइफमध्ये जेट्सविरुद्ध, ज्या जेट्सकडून रॉजर्स २०२३ मध्ये चौथ्याच स्नॅपला टाचेची नस तोडून बाहेर गेला होता. ड्रामा पाहिजे त्यांनी बघाच. माइक टॉमलिन २००७ पासून कोच आहे आणि त्याचा एकही सीझन पन्नास टक्क्यांच्या खाली गेलेला नाही, तो नियम मी मोडायला जाणार नाही, माझा अंदाजही ९-८ च आहे. फक्त यंदा एएफसीमध्ये तेवढ्यावर दार उघडणार नाही. गेल्या वर्षी शेवटच्या पाच मॅचेस ओळीने हरले होते, प्लेऑफ धरून. ते विसरून चालणार नाही.

चार्जर्सला काढताना मात्र वाईट वाटतं. जिम हारबॉने एका वर्षात ५-१२ चं ११-६ केलं. पण डावा टॅकल रशॉन स्लेटर, नुकताच ११ कोटी ४० लाख डॉलरचा करार सही केलेला, थोड्याच दिवसांत सरावात त्याच्या गुडघ्याचा टेंडन फाटला आणि सीझन संपला. ऑफेन्सिव्ह लाइन हा विषय कुणाला आवडत नाही, त्या पाच जाड माणसांची जर्सी कुणी विकत घेत नाही, पण मी गेली कित्येक वर्षं जायंट्सची लाइन बघतेय त्यामुळे ती फाटकी असली की काय होतं याचा माझ्याएवढा अभ्यास कमी लोकांचा असेल. त्यांचा क्वार्टरबॅक हर्बर्ट कितीही चांगला असो, दोन सेकंदात कुणीतरी अंगावर आलं की त्याचाही डॅनियल जोन्स (आमचा जुना क्वार्टरबॅक) होतो.

जोन्सचं नाव निघालंच म्हणून. तो आता इंडियानापोलिस कोल्ट्सचा स्टार्टर आहे, अँथनी रिचर्डसनला मागे टाकून. माणूस चांगला आहे, त्याचं भलं होवो, पण कोल्ट्स ७-१०.

आत कोण येणार? पहिली, सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स. गेल्या वर्षी ६-११, पण ख्रिश्चन मॅकॅफ्री फक्त चार मॅचेस खेळला आणि अर्धी टीम दवाखान्यात होती. आता गेल्या वर्षीच्या रेकॉर्डवरून मोजलं तर लीगमधलं सगळ्यात सोपं शेड्यूल त्यांचं आहे (आणि सगळ्यात अवघड कुणाचं? आमचं, अर्थात). दुसरी, सिनसिनाटी बेंगल्स. जो बरोने ४९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन मारले, जमार चेस कॅचेस, यार्ड आणि टचडाउन तिन्हीत लीगमध्ये पहिला, आणि तरी प्लेऑफ नाही, कारण ३८ मारून ४१ खाल्ले, ३४ मारून ३५ खाल्ले, ३८ मारून ४४ खाल्ले. असं दुर्दैव दोन वर्षं सलग टिकत नाही, आणि डिफेन्स नुसता वाईट न राहता मध्यम जरी झाला तरी १० मॅचेस सहज. ट्रे हेन्ड्रिक्सनचा पगाराचा तमाशा संपलाय ते बरं झालं. फक्त बेंगल्सना सप्टेंबरात झोपेतून उठायची सवय लागली पाहिजे, गेल्या वर्षी ०-३ ने सुरुवात केली होती आणि शेवटी एका मॅचने गेले.

तिसरी न्यू इंग्लंड पेट्रियट्स, आणि इथे मला माझीच पद्धत सगळ्यात जास्त आवडते. ४-१३ टीम, शेवटच्या आठवड्यात बफेलोच्या राखीव खेळाडूंना हरवून त्यांनी ड्राफ्टचा पहिला नंबर घालवला आणि त्याच दिवशी कोचलाही घालवलं. पण त्यांचा क्वार्टरबॅक ड्रेक मे बघितला का तुम्ही? मागे लाइन नाही, पुढे रिसीव्हर नाहीत, तरी हा पोरगा पळत पळत काहीतरी करत होता. आता माइक व्रेबल कोच, स्टेफॉन डिग्स आला, डावीकडे विल कॅम्पबेल ड्राफ्ट केला, ईगल्सचा मिल्टन विल्यम्स डिफेन्समध्ये आणला, आणि शेड्यूल सोपं. मी १०-७ म्हणतेय. ऑफिसात बोस्टनचे दोघं आहेत, ते स्वतःसुद्धा ८ च्या वर जायला तयार नाहीत.

चौथी अॅरिझोना कार्डिनल्स, आणि हे मात्र उगाच वाटतंय म्हणून. ईगल्सचा जॉश स्वेट आणलाय ज्याने सुपर बोलमध्ये अडीच सॅक काढले, आणि ट्रे मॅकब्राइड १११ कॅचेस घेऊन फक्त दोन टचडाउन करतो हे परत होणार नाही. शिकागोचा विचार केला होता मी खूप, बेन जॉन्सनसारखा डोकेबाज कोच आणि थूनीसकट नवी लाइन, केलेब विल्यम्सला गेल्या वर्षी ६८ वेळा सॅक केलं होतं ते निम्म्यावर आलं तरी पुष्कळ. पण त्यांच्याही एनएफसी नॉर्थ डिव्हिजनमध्ये यंदा आणखी एक भानगड झालीय.

मायका पार्सन्स! गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, सीझनला आठवडा उरलेला असताना डॅलसने लीगमधल्या सर्वोत्तम पास रशर्सपैकी (क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यांपैकी) एकाला ग्रीन बेच्या पॅकर्सना देऊन टाकलं, बदल्यात ड्राफ्टचे दोन पहिल्या फेरीचे पिक्स आणि केनी क्लार्क. पॅकर्सनी लगेच त्याला वर्षाला ४ कोटी ७० लाख डॉलरचा करार दिला. चार वर्षांत साडेबावन्न सॅक काढलेला २६ वर्षांचा माणूस असा बाजारात येत नाही, डॅलसचे मालक जेरी जोन्सना काय सिद्ध करायचं होतं कोण जाणे. जायंट्सची फॅन म्हणून मी पेढे वाटायला तयार आहे, वर्षातून दोनदा त्याच्यासमोर आमची लाइन उभी राहायची ती सुटली. पॅकर्स गेल्या वर्षी ११-६ होते पण डिव्हिजनमध्ये सहापैकी एकच जिंकले, आणि तीही बेअर्सची किक ब्लॉक करून. आता लायन्सचे दोन्ही कोऑर्डिनेटर हेड कोच होऊन गेले, सेंटर फ्रँक रॅग्नाऊ रिटायर झाला. लायन्सच्या बाबतीत नशीब वजा करून काही निघत नाही, ते लोकांना ५२-६ असं धुवायचे, एडन हचिन्सन पाय मोडून बसलेला असतानाही, त्यामुळे ते ११ जिंकतील. पण एनएफसी नॉर्थ पॅकर्स. २८ सप्टेंबरला पॅकर्स डॅलसला जाणार आहेत, त्या रात्री कुणी फोन करू नका.

ईगल्स? डिव्हिजन त्यांची, १२-५. मे महिन्यात त्यांच्या टश पुशवर बंदी आणायचा प्रयत्न झाला, २४ मतं लागत होती, २२ मिळाली, म्हणजे जेलन हर्ट्सला मागून ढकलून एक यार्ड काढणं अजून कायदेशीर आहे आणि जोवर आहे तोवर त्यांना थांबवणं अवघड. पण स्वेट, विल्यम्स, स्ले, गार्डनर-जॉन्सन असे डिफेन्समधले चारजण गेले, आणि सेक्वॉन बार्कली.

बार्कलीबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही. आमचा होता. मालक जॉन मारा कॅमेऱ्यासमोर म्हणाले होते की हा फिलाडेल्फियाला गेला तर झोप लागणं कठीण होईल, आणि तरी जाऊ दिला, आणि त्याने पहिल्याच वर्षी २००५ यार्ड पळून, स्वतःच्या वाढदिवशी सुपर बोल जिंकून दाखवला. एरिक डिकरसनचा १९८४ चा २१०५ चा रेकॉर्ड मोडायला १०१ यार्डच हवे होते, शेवटच्या मॅचला त्याला विश्रांती दिली म्हणून राहिला. पण थंड डोक्याने बघा. त्याच्या आधी आठ जणांनी एका सीझनमध्ये २००० ओलांडले, आणि त्यातल्या एकालाही पुढच्या वर्षी १५०० सुद्धा गाठता आले नाहीत. बॅरी सँडर्स सगळ्यात जवळ, १४९१. टेरेल डेव्हिस चार मॅचेसमध्ये गुडघा घालवून बसला, जमाल लुईस १००६, डेरिक हेन्रीचा पाय आठ मॅचेसनंतर मोडला. शाप वगैरे काही नाही हो, २००० करायला बॉल फार वेळा हातात घ्यावा लागतो आणि प्रत्येक वेळी दीडशे किलोचा कुणीतरी अंगावर पडतो. बार्कलीने प्लेऑफ धरून ४३६ वेळा बॉल घेतला. माझा अंदाज १२५० यार्ड. फँटसीमध्ये (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणारा खेळ) त्याला पहिल्या तिघांत उचलणाऱ्यांना माझ्या शुभेच्छा, माझ्या लीगमध्ये मी त्याला सोडून दिला आणि बिजान रॉबिन्सन घेतला.

आता राहिले बफेलो आणि बॉल्टिमोर. रविवारी ७ तारखेला हेच दोघं बफेलोत भिडतायत. बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश अॅलन एमव्हीपी, आणि बिल्सच्या जुन्या स्टेडियमचं हे शेवटचं वर्ष, भावना म्हणाल तर सगळ्या देशाला वाटतंय त्यांनी एकदा जिंकावं, महोम्सकडून प्लेऑफमध्ये चार वेळा हरलेत बिचारे. पण नशीब वजा करायला बसलं की बफेलोचा मोठा हिशोब निघतो, गेल्या वर्षी अख्ख्या सीझनमध्ये त्यांनी फक्त ८ वेळा बॉल गमावला, याहून कमी आजवर कुणाला जमलेलं नाही. अॅलन जबाबदारीने खेळला हे खरं, पण जमिनीवर सांडलेला बॉल कुणाच्या बाजूला उडतो यात जबाबदारी नसते. आणि उलट रेव्हन्स बघा, १२-५ आणि पाचच्या पाच हार एका स्कोअरच्या आत. प्लेऑफमध्ये बफेलोत २७-२५, तेही मार्क अँड्र्यूजच्या हातातून बरोबरीचा पास सुटला म्हणून. त्यांचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सनने ४१ टचडाउन आणि ४ इंटरसेप्शन मारून एमव्हीपी मिळाला नाही, हेन्री ३१ व्या वर्षीही १९२१ यार्डांवरून खाली यायला तयार नाही (तो येईल, वरचा परिच्छेद त्यालाही लागू आहे, पण १३०० तरी पळेल). किकर रूकी आहे, ती एक धाकधूक आहे.

तेव्हा ८ फेब्रुवारीला सॅन्टा क्लारात रेव्हन्स विरुद्ध पॅकर्स, आणि जिंकणार रेव्हन्स. एमव्हीपी लमार. २०१२ मध्ये एड्रियन पीटरसनला मिळाल्यापासून तो अवॉर्ड क्वार्टरबॅक सोडून कुणालाच मिळालेला नाही, त्यामुळे तिथे फार डोकं चालवायचं नसतं. ऑफेन्सचा सर्वोत्तम रूकी रेडर्सचा अॅश्टन जेंटी, कॉलेजात २६०१ यार्ड पळालेला पोरगा आणि त्यांच्या कोच पीट कॅरलला बॉल पळवायला आवडतो. डिफेन्सचा रूकी आमचा अब्दुल कार्टर, इथे मी पार्शलिटी करतेय, करू द्या.

भारतातून बघणाऱ्यांसाठी एक सांगते, शुक्रवारची साओ पाउलोतली चीफ्स-चार्जर्स मॅच यूट्यूबवर फुकट आहे, तुमच्याकडे शनिवारी पहाटे साडेपाच. म्हणजे अनंत चतुर्दशीची पहाट, पुण्यात मानाचे गणपती निघायच्या आत संपते.

आणि जायंट्स. पहिल्या चार मॅचेस कमांडर्स, काउबॉइज, चीफ्स, चार्जर्स. रसेल विल्सन स्टार्टर आहे पण प्रीसीझनमध्ये रूकी क्वार्टरबॅक जॅक्सन डार्टने जे काय फेकलंय ते बघून, हो, मला माहितीये मी वर काय लिहिलंय प्रीसीझनबद्दल, पण तो वेगळा आहे. डिफेन्सची पुढची फळी, लॉरेन्स, बर्न्स, थिबडो, कार्टर, कुठल्याही टीमला घाम फोडेल. मलिक नेबर्सने गेल्या वर्षी कुणीही क्वार्टरबॅक असला तरी १०९ कॅचेस घेतले. ऑक्टोबर उजाडेपर्यंत डार्ट खेळायला लागेल, एकूण ६-११, आणि त्या सहात एक तरी ईगल्सविरुद्ध, ९ ऑक्टोबरला गुरुवारी रात्री मेटलाइफमध्ये. तिकीट काढलंय. किंमत घरी सांगितलेली नाही, तेव्हा नवरा हे वाचत असेल तर ते ऑफिसकडून मिळालंय.